कडक स्प्रिंगचा हट्ट

रेसची गाडी कडकच असली पाहिजे, हे विधान आपल्याकडे इतक्या वेळा ऐकू येते की त्याला पुरावा मागायचे कोणाच्या मनात येत नाही. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी वर्षानुवर्षे नळ्या कापून, वेल्ड करून एका माणसाच्या रेसकार बांधत आले आहेत. कोणी त्या कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेसाठी नेल्या, कोणी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ‘सुप्रा’ स्पर्धेसाठी. महाविद्यालयाबाहेरही मोटारसायकलचे इंजिन मागे बसवून स्वतःची गाडी उभी करणारे हौशी आहेत. या सगळ्यांना स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर निवडताना बहुधा एकच सल्ला मिळतो: मिळेल त्यातली कडक स्प्रिंग घ्या, परवडेल तितका महाग आणि जास्त क्लिकचा, म्हणजे जास्त टप्प्यांत जुळवता येणारा, शॉक ॲब्सॉर्बर घ्या, उरलेले ट्रॅकवर बघू. हा सल्ला चुकीचा आहे. गाडीचा तळ जमिनीला घासणार नाही आणि टायरचा कोन बिघडणार नाही एवढी काळजी घेऊन स्प्रिंग जितकी मऊ ठेवता येईल तितकी ठेवावी, आणि शॉक ॲब्सॉर्बर त्या स्प्रिंगच्या मापाने नंतर निवडावा, असे माझे म्हणणे आहे. त्याची कारणे हिशेबात आहेत आणि मोटार शर्यतींच्या इतिहासातही आहेत.

प्रतिपक्षाची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती बिनबुडाची नाही. कडक स्प्रिंगवाल्यांचे मुद्दे साधारण पाच. एक, कडक गाडी वळणावर कमी झुकते, म्हणून तिचे वजन बाहेरच्या चाकांवर कमी जाते. दोन, फॉर्म्युला वनच्या गाड्या दगडासारख्या कडक असतात, आणि त्यांच्याहून वेगवान कोण? तीन, गो-कार्टला तर सस्पेन्शनच नसते, तरीही ती वळणावर भल्याभल्यांना मागे टाकते. चार, कडक गाडी स्टिअरिंगला चटकन प्रतिसाद देते आणि ड्रायव्हरला रस्ता हाताशी कळतो. पाच, हिशेब करून स्प्रिंग निवडायला लागणारी साधने आणि माहिती घरच्या वर्कशॉपमध्ये नसते, तेव्हा अनुभवी माणसांचा ठोकताळा बरा. यातल्या प्रत्येक मुद्द्यात एखादा खरा दाणा आहे. पण त्या दाण्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

मुळात सस्पेन्शन कशासाठी असते? ड्रायव्हरचे हाडबिड दुखू नये म्हणून, हे उत्तर घरगुती मोटारीपुरते ठीक आहे. रेसकारमध्ये त्याचे काम टायरवरचा भार शक्य तितका स्थिर ठेवणे हे आहे. गाडी वळते, थांबते, सुटते ती चार टायरच्या तळहाताएवढ्या ठशांवर. टायरची पकड त्यावरच्या भाराबरोबर वाढते, पण त्याच प्रमाणात वाढत नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा कमीच भरते. म्हणून भार सतत वरखाली होत असेल तर जास्त भाराच्या क्षणी जे कमावले जाते त्याहून अधिक कमी भाराच्या क्षणी गमावले जाते, आणि सरासरी पकड घटते. चाक उंचवट्यावरून उडून क्षणभर हवेत राहिले तर त्या क्षणाची पकड शून्य. आपल्या मराठीत चांगल्या गाडीबद्दल ती ‘रस्ता धरते’ असे म्हणतात. सस्पेन्शनचे सगळे शास्त्र या दोन शब्दांत आले आहे. रस्ता धरायचा तर चाकाला रस्त्याच्या चढउताराबरोबर हलता आले पाहिजे, आणि ती हालचाल स्प्रिंग जितकी कडक तितकी महाग पडते, कारण प्रत्येक मिलिमीटरला टायरवरचा भार तितका जास्त बदलतो.

आता पहिला मुद्दा: कडक स्प्रिंगने वजन कमी सरकते. हा समज सर्वांत खोल रुजलेला आहे आणि सर्वांत साधेपणाने खोटा ठरतो. ड्रायव्हरसह २८० किलोची गाडी घ्या, गुरुत्वमध्य जमिनीपासून ३०० मिलिमीटर उंचीवर, डाव्या-उजव्या चाकांतले अंतर १,२०० मिलिमीटर. वळणावर ती १.४ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या १.४ पट, इतका जोर खाते असे धरा. आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार म्हणजे वस्तुमान गुणिले प्रवेग गुणिले उंची, भागिले चाकांतले अंतर. उत्तर सुमारे ९६० न्यूटन, म्हणजे जवळपास ९८ किलो वजन. या सूत्रात स्प्रिंग कुठेच नाही. गाडी झुकल्यामुळे गुरुत्वमध्य किंचित बाजूला सरकतो, पण एवढ्या बुटक्या गाडीत तो फरक नगण्य असतो. तुम्ही स्प्रिंग काढून लोखंडी कांब लावलीत तरी ९८ किलो सरकणारच. तो भार कमी करायचा तर सीट खाली घ्या, इंजिन खाली बसवा, चाके रुंद ठेवा. स्प्रिंगच्या हाती फक्त वाटणी असते: सरकणाऱ्या भारातला किती हिस्सा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या. गाडी पुढून सरकेल की मागून फिरेल हे त्या वाटणीवर ठरते, आणि ती वाटणी मऊ स्प्रिंगच्या जोड्यांतही तितकीच करता येते.

मग ‘मऊ’ म्हणजे किती, हा प्रश्न रास्त आहे. त्याला मापाने उत्तर देता येते. १९३० च्या दशकात रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्सकडे आलेल्या मॉरिस ऑली यांनी गाडीत वजने इकडून तिकडे हलवून प्रयोग केले आणि स्प्रिंगचा विचार तिच्यावरच्या वजनाच्या झोक्याच्या भाषेत करायला शिकवले. स्प्रिंगवर टांगलेले वजन सेकंदाला किती वेळा वरखाली होते, ही तिची नैसर्गिक वारंवारता. घरगुती मोटारीत ती १ ते १.५ हर्ट्झ असते. पंख नसलेल्या किंवा लहान पंखांच्या रेसकारला २ ते ३ हर्ट्झ पुरते. आपल्या २८० किलोच्या गाडीतून चाके, हब, ब्रेक वगैरे वजा केले तर एका चाकाच्या वाट्याला स्प्रिंगवरचे साधारण ६० किलो येतात. २.५ हर्ट्झसाठी चाकापाशी सुमारे १५ न्यूटन प्रति मिलिमीटर इतका कडकपणा लागतो. पण स्प्रिंग चाकावर थेट बसलेली नसते. चाक १० मिलिमीटर हलले की स्प्रिंग ८ मिलिमीटर हलते असे समजा. हे प्रमाण ०.८ झाले, आणि त्याचा परिणाम वर्गाने होतो, कारण हालचालही त्या प्रमाणात घटते आणि जोरही. १५ ला ०.६४ ने भागले की स्प्रिंग येते सुमारे २३ न्यूटन प्रति मिलिमीटर, म्हणजे परदेशी स्प्रिंगवर छापलेल्या पाउंड प्रति इंचाच्या भाषेत १३० च्या थोडी वर. माउंटन बाइकच्या शॉक ॲब्सॉर्बरबरोबर येणारी ४०० पाउंडांची स्प्रिंग कोणी ‘जरा कडक बरी’ म्हणून याच गाडीला लावली, तर वारंवारता ४.३ हर्ट्झच्या वर जाते. कोणीही ठरवून न घेतलेला हा निर्णय गाडीच्या पायाशी जाऊन बसतो.

कडकपणाची एक मर्यादा तर नियमपुस्तकातूनच निघते. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धांत ड्रायव्हर बसलेला असताना चाकाला ५० मिलिमीटर हालचाल असावी, २५ वर आणि २५ खाली, अशी अट दीर्घकाळ चालत आलेली आहे. आता गाडीच्या वजनाने स्प्रिंग किती दबते हे पाहा. ते फक्त वारंवारतेवर अवलंबून असते: २.५ हर्ट्झला चाकापाशी ४० मिलिमीटर, ३ हर्ट्झला साधारण २८, आणि ४ हर्ट्झला जेमतेम साडेपंधरा. म्हणजे ४ हर्ट्झच्या गाडीत चाक साडेपंधरा मिलिमीटर खाली गेले की स्प्रिंग पूर्ण सैल पडते. पुढच्या साडेनऊ मिलिमीटरांत चाक रस्त्यावर दाबायला तिच्याकडे काहीच उरत नाही. कागदावर हालचाल २५ ची आणि कामाची साडेपंधराची. वर बारीक मदतनीस स्प्रिंग बसवून खडखडाट थांबवता येतो, पण जोर निर्माण होत नाही. खाली जाण्याची पूर्ण २५ मिलिमीटर हालचाल कामाला यावी असे वाटत असेल तर वारंवारतेची वरची हद्द ३.१५ हर्ट्झच्या आसपास संपते. शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या जोरावर हा निकाल लागतो.

इथे प्रतिपक्ष म्हणेल, मऊ स्प्रिंगवर गाडी झुकेल त्याचे काय? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देता कामा नये. वरच्या उदाहरणात एका जोडीच्या वाट्याला सुमारे ४८० न्यूटन येतात; सस्पेन्शनच्या भुजांच्या मांडणीतून मिळणारी मदत सोडून दिली तर १५ न्यूटनच्या चाकावर बाहेरची बाजू ३२ मिलिमीटर दबते, आतली तेवढीच उचलते, आणि गाडी ३ अंश झुकते. ३२ मिलिमीटर तर आपल्या २५ च्या हद्दीबाहेर गेले, आणि ३ अंशांच्या झुकण्याने बाहेरचा टायर कडेवर चढतो. तेव्हा झुकणे आवरले पाहिजे, यात वाद नाही. वाद आहे तो कशाने आवरायचे यावर. अँटी-रोल बार नेमका यासाठी असतो. दोन्ही चाके एकत्र वरखाली झाली तर तो गप्प बसतो, एक वर आणि एक खाली गेले की पीळ घेतो. स्प्रिंगांइतकाच रोलविरोधी जोर बारने दिला तर झुकणे दीड अंशावर येते, दबणे १६ मिलिमीटरवर, आणि सरळ रस्त्यावरच्या हादऱ्यांना गाडी पहिल्याइतकीच मऊ राहते. बार एका चाकाच्या धक्क्याचा काही भाग दुसऱ्याला पोचवतो, ही त्याची किंमत आहे. म्हणून बारही वाटेल तितका जाड करू नये. पण झुकण्याच्या भीतीने चारही स्प्रिंगा तिप्पट कडक करणे म्हणजे एका दुखण्यासाठी सगळ्या शरीराला औषध पाजणे.

दुसरा मुद्दा फॉर्म्युला वनचा. त्या गाड्या कडक असतात, कारण त्यांना हवेच्या दाबाचे प्रचंड ओझे पेलायचे असते आणि त्यांचा तळ जमिनीपासून ठरावीक उंचीवरच काम करतो. कडकपणा ही त्यांनी मोजलेली किंमत आहे, आणि ती किंमत टाळण्यासाठी त्याच क्षेत्रातल्या बुद्धिमान लोकांनी जिवाचे रान केले आहे. १९८१ मध्ये लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी लोटस ८८ ही दोन सांगाड्यांची गाडी आणली: हवेचा दाब घेणारा बाहेरचा सांगाडा कडक स्प्रिंगांवर, ड्रायव्हर आणि इंजिन असलेला आतला सांगाडा मऊ स्प्रिंगांवर. कडकपणातच वेग असता तर एवढा खटाटोप कशाला? त्या गाडीवर बंदी आली, पण तिच्यामागचा विचार चुकीचा ठरला म्हणून नव्हे. २००५ आणि २००६ मध्ये रेनॉच्या गाडीच्या नाकात स्प्रिंगवर तरंगणारे एक वजन होते. त्याचे काम गाडीची वरखाली थरथर शोषून टायरवरचा भार सम ठेवणे एवढेच. तेही नियमाने बंद करावे लागले. २०२२ मध्ये नव्या तळरचनेच्या गाड्या सरळ रस्त्यावर इतक्या उसळू लागल्या की एफआयए या नियामक संस्थेला उभ्या हादऱ्यांवर मर्यादा घालावी लागली. शिवाय हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ३०० किलोमीटरला जो दाब मिळेल त्याचा पंचविसावा भाग ६० ला. आपल्या उदाहरणातल्या गाडीवर पंखांनी ३०० न्यूटन दाब आणला तरी ती सुमारे ५ मिलिमीटर खाली बसेल. एवढ्यासाठी फॉर्म्युला वनची स्प्रिंग लागत नाही.

गो-कार्टचे उदाहरणही असेच अर्धवट वाचले जाते. कार्टला स्प्रिंग दिसत नाही, पण तिचा नळ्यांचा सांगाडाच पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करतो; मागचा आस एकसंध असल्याने वळणावर आतले मागचे चाक उचलले जावे यासाठी तो तसा मुद्दाम बांधलेला असतो. कार्ट हलकी असते, तिचा ट्रॅक गुळगुळीत असतो, आणि तो खडबडीत झाला की कार्टही उड्या मारते. कारण सस्पेन्शन हलले नाही की सगळी हालचाल टायरवर पडते, आणि टायर ही जवळजवळ डॅम्पिंग, म्हणजे झोके शमवणारी अडवणूक, नसलेली स्प्रिंग आहे. लहान रेसकारच्या टायरचा उभा कडकपणा १०० न्यूटन प्रति मिलिमीटरच्या आसपास धरला, तर १५ च्या चाकावर गाडीच्या एकूण हालचालीतला आठवा हिस्सा टायर घेतो. ४०० पाउंडांच्या स्प्रिंगने चाकाचा कडकपणा ४५ वर नेला की टायरचा हिस्सा जवळपास एकतृतीयांश होतो. महागडा शॉक ॲब्सॉर्बर बाजूला बसून पाहतो आणि रबर त्याचे काम करते.

इतिहासात या वादाचा निकाल एकदा फार स्पष्टपणे लागला आहे. १९३६ च्या हंगामात मर्सिडीजच्या डब्ल्यू २५ गाड्या मागे पडल्या आणि त्या वर्षीचे युरोपीय विजेतेपद ऑटो युनियनच्या बर्न्ड रोझमायरने नेले. मर्सिडीजने रेसिंग विभागाची तांत्रिक जबाबदारी तरुण अभियंता रुडॉल्फ उलेनहाउट याच्याकडे दिली. तो स्वतः गाडी घेऊन न्युर्बुर्गरिंगवर उतरला आणि त्याला आढळले की स्प्रिंगा इतक्या कडक आणि सांगाडा इतका लवचीक आहे की हालचाल सस्पेन्शनऐवजी सांगाड्यातच होते. १९३७ च्या डब्ल्यू १२५ मध्ये त्याने प्रमाण उलटे केले: सांगाडा ताठ, स्प्रिंगा मऊ, चाकांना लांब हालचाल, आणि त्या हालचालीला आवरायला दमदार हायड्रॉलिक डॅम्पिंग. त्याआधीची पद्धत कडक स्प्रिंगा आणि क्षीण डॅम्पिंगची होती. त्या वर्षी रुडॉल्फ काराचिओलाने विजेतेपद परत आणले. डब्ल्यू १२५ चे इंजिन जबरदस्त होते, हे खरे. पण ती ताकद रस्त्यावर उतरवणारे सस्पेन्शन नसते तर तिने टायर जाळण्यापलीकडे काही केले नसते. पुढे याच वाटेने चॅपमन गेले. १९४८ मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवर एका लहानशा गॅरेजात पहिली गाडी बांधणारा हा माणूस घरच्या बांधणीचाच होता, आणि मऊ स्प्रिंग व नेमके डॅम्पिंग ही त्याच्या गाड्यांची ओळख बनली. १९६२ ची लोटस एलान वळणावर ज्या सहजपणे रस्ता धरत असे त्याचे मूळ तिथेच आहे.

उलेनहाउटचा धडा घरच्या गाडीला सर्वांत जास्त लागू पडतो, कारण सांगाड्याचा ताठपणा हीच आपली कमजोर बाजू असते. कारखान्याकडे कार्बन फायबरचा कवचासारखा सांगाडा असतो. आपल्याकडे वेल्ड केलेल्या नळ्या असतात, कुठे तिरकी नळी राहून गेलेली, कुठे इंजिन काढता यावे म्हणून उघडी ठेवलेली चौकट. असा सांगाडा पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांच्या मधली आणखी एक स्प्रिंग असतो, आणि तिला डॅम्पिंग नसते. स्प्रिंगा मऊ असतील तर त्यांच्या मानाने तो ताठ ठरतो, आणि पुढचा बार एक टप्पा कडक केला की गाडीचा स्वभाव अपेक्षेप्रमाणे बदलतो. स्प्रिंगा कडक असतील तर सांगाडाच आधी पीळ खातो. बार बदला, स्प्रिंग बदला, गाडी जैसे थे. मग ट्रॅकवरचे दिवस वाया जातात आणि दोष ड्रायव्हरवर येतो. कडक स्प्रिंग मागते तो सांगाडा आपल्याकडे नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

आता शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप. नावाने घोटाळा केला आहे. धक्का शोषते ती स्प्रिंग. शॉकअप त्या स्प्रिंगने साठवलेली ऊर्जा तेल बारीक भोकांतून ढकलून उष्णतेत घालवतो. तो किती जोराने अडवतो हे वेगावर ठरते, अंतरावर नाही. म्हणून तो गाडीचे वजन उचलू शकत नाही आणि झुकण्याचा अंतिम कोनही ठरवत नाही. गाडी त्या कोनापर्यंत किती वेगाने जाते एवढे ठरवतो. त्याचे माप स्प्रिंग आणि वजन या दोहोंवरून निघते. आपल्या ६० किलो आणि १५ न्यूटनच्या चाकाला एकही झोका न घेता स्थिरावण्यासाठी लागणारे डॅम्पिंग मीटर प्रति सेकंदाला सुमारे १,९०० न्यूटन येते. रेसकारसाठी त्याच्या ६५ टक्क्यांच्या आसपास सुरुवात करावी, म्हणजे चाकापाशी सव्वाबाराशे, आणि ०.८ च्या वर्गाने भागून शॉकअपपाशी १,९०० च्या थोडे वर. सरळ भाषेत, दांडा सेकंदाला १०० मिलिमीटर वेगाने हलताना सुमारे १९० न्यूटन अडवणूक. हा आकडा हाती नसताना शॉकअप विकत घेणे म्हणजे पायाचे माप न घेता जोडा घेणे. आणि घेतल्यावर कोणी स्प्रिंग तिप्पट कडक केली, तर लागणारे डॅम्पिंग तिच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे पावणेदोन पट वाढते. शॉकअप तोच राहिला की ६५ टक्क्यांचे ३७ टक्के होतात आणि गाडी उसळू लागते. तेव्हा ‘क्लिक वाढवा’ असे सांगितले जाते.

क्लिकवरचा हा विश्वास तपासून घेतला पाहिजे. बहुतेक शॉकअपच्या बाहेरच्या चाकीने एका लहान वाटेतून जाणारे तेल कमी-जास्त होते, आणि तिचा प्रभाव मुख्यतः मंद हालचालीवर पडतो: गाडी झुकताना, ब्रेक लावताना. उंचवट्यावरून चाक सपाट्याने वर जाते तेव्हाची अडवणूक आतल्या पातळ चकत्यांवर ठरते, आणि ती बाहेरून बहुधा बदलत नाही. परतीची अडवणूक फार वाढवली तर एक वेगळाच रोग जडतो: पहिल्या उंचवट्याने दबलेले चाक दुसरा येईपर्यंत पुरते खाली येत नाही, तिसऱ्याला आणखी वर राहते, आणि गाडी खाली खाली बसत जाऊन शेवटी थांब्यावर आदळते. स्प्रिंग चुकली असेल तर १६ क्लिक म्हणजे १६ चुकीच्या जागा. याउलट स्प्रिंग आणि डॅम्पिंगचे माप जुळले असेल तर न बदलता येणारा साधा शॉकअपही गाडी नीट धरून ठेवतो. मोटारसायकलचा मोनोशॉक वापरायलाही माझी हरकत नाही, तो इथे मिळतो आणि दुरुस्त होतो. पण तो दुसऱ्या वजनासाठी आणि दुसऱ्या प्रमाणाच्या भुजेसाठी घडवलेला असतो, म्हणून मोजल्याशिवाय आणि गरजेनुसार आतले तेल वा चकत्या बदलल्याशिवाय तो बसवू नये.

कडक गाडी चटकन प्रतिसाद देते, हा आक्षेप उरतो. प्रतिसाद म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यापासून बाजूचा जोर तयार होईपर्यंतचा वेळ, आणि तो टायरवर, स्टिअरिंगच्या ढिलाईवर, बारवर आणि मंद हालचालीतल्या डॅम्पिंगवर बराच अवलंबून असतो. ३ हर्ट्झच्या आत राहूनही हे सगळे मिळवता येते. कडक गाडी ड्रायव्हरला वेगवान वाटते, कारण ती प्रत्येक खडा त्याच्या पाठीपर्यंत पोचवते. दणका आणि माहिती यांत फरक आहे आणि तो घड्याळ दाखवते. काही ड्रायव्हरांना थोडी कडक गाडी खरोखर मानवते, तर त्यांच्यासाठी २.५ चे २.८ हर्ट्झ करा. गाडीला हाताळणारा माणूस हेही एक माप आहे. पण ते माप मोजून केलेल्या सुरुवातीवर लावायचे असते, सुरुवातीच्या जागी नाही.

साधने नाहीत, हा शेवटचा मुद्दा मला मान्य नाही. चार वजनकाटे, एक जॅक, मोजपट्टी आणि मोबाइल एवढ्यावर हे काम होते. ड्रायव्हरला बसवून चारही चाकांचे वजन घ्या. स्प्रिंग उतरवून चाक जॅकने पाच-पाच मिलिमीटर उचला, स्प्रिंगच्या दोन टोकांतले अंतर दर वेळी लिहा, आणि प्रमाण काढा. आराखड्यात ०.८ आणि प्रत्यक्षात ०.७ निघाले तर चाकापाशीचा कडकपणा २३ टक्क्यांनी घटलेला असतो. स्प्रिंगवर छापलेल्या आकड्यावर भिस्त ठेवू नका, कारण तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो आणि तार ५ टक्के जाड निघाली तर स्प्रिंग २१ टक्क्यांहून अधिक कडक होते. वजनकाट्यावर उभी करून तिला ठरावीक अंतर दाबा आणि स्वतः मोजा. गाडी खाली बसवण्यासाठी वेढा कापण्याची सवय सोडा, कारण आठातला एक कामाचा वेढा कापला की कडकपणा १४ टक्क्यांनी वाढतो. शॉकअपला १० किलो वजन टांगून दांडा किती वेगाने सरकतो ते मोबाइलच्या मंदगती चित्रीकरणात पाहा. आपल्या उदाहरणात तो सेकंदाला सुमारे ५० मिलिमीटर सरकला पाहिजे. गॅसचा दाब आणि घर्षण हिशेबातून वगळण्यासाठी दोन्ही दिशांनी मोजून सरासरी घ्या. प्रयोगशाळेची अचूकता यात येणार नाही, पण ठोकताळ्याच्या चुकीपुढे ही चूक फार लहान असते.

गाडी बांधणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे. या वर्षी स्प्रिंग मागवण्याआधी चार आकडे कागदावर लिहा: एका चाकावरचे स्प्रिंगवरचे वजन, प्रत्यक्ष मोजलेले प्रमाण, ठरवलेली वारंवारता आणि त्यावरून निघणारे डॅम्पिंग. आधी टायर, मग स्प्रिंग, मग बार, आणि सर्वांत शेवटी शॉकअप, हा क्रम मोडू नका. ट्रॅकवर दोन स्प्रिंगांच्या जोड्या न्या, एक हिशेबाची आणि एक तिच्याहून कडक, आणि एकाच ड्रायव्हरकडून, सारख्याच टायरवर दोन्हींच्या फेऱ्यांची वेळ नोंदवा. ती नोंद पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती द्या. रेसची गाडी कडकच असली पाहिजे, असे त्यांना कोणी सांगितले तर त्यांच्याकडे दाखवायला आकडे असतील.